शिमला ऑफिस आणि अवकाळी बर्फ

पुण्याच्या शिवाजीनगर भागात एक चौक "शिमला ऑफिस" या नावाने ओळखला जातो. शिमल्याचा आणि पुण्याचा संबंध काय, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. त्या चौकाजवळची जुनी इमारत भारतीय हवामानशास्त्र विभागाची आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय आरंभी कलकत्त्यास होते. १९०५ मध्ये ते शिमल्यास हलले, १९२८ मध्ये पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. शिमल्याहून आलेले ऑफिस म्हणून ते शिमला ऑफिस. मुख्यालय जाऊन ८० वर्षे उलटली तरी नाव राहिले आहे.

हे नाव मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. हिमालयात पडणारा बर्फ आणि दख्खनच्या कोरडवाहू शेतीत पडणारा किंवा न पडणारा पाऊस यांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न या विभागाच्या जन्मापासून त्याच्या कामकाजात आहे. तो प्रश्न कसा निर्माण झाला, त्याचे उत्तर शोधताना काय घडले आणि त्यातून प्रशासनाने काय शिकावे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला बर्फ ही सहलीत पाहण्याची वस्तू वाटते. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत राहावे लागले की ही समजूत हळूहळू बदलते. आपल्याकडे खेड्यातली म्हातारी माणसे दुष्काळावरून वर्षे मोजतात. "बहात्तरच्या दुष्काळात थोरल्याचा जन्म" असे वाक्य आपण ऐकलेले असते. काश्मिरी सहकाऱ्यांच्या बोलण्यात मला हेच काम बर्फ करताना दिसले. घर कधी बांधले, बहिणीचे लग्न कधी झाले, बाग कधी लावली, याचा हिशेब ते अमुक एका मोठ्या बर्फाच्या आधी किंवा नंतर असा करीत. नेहमीचा बर्फ त्यांना संकट वाटत नाही. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा कडाक्याचा "चिल्लई कलां", त्यानंतर २० दिवसांचा "चिल्लई खुर्द" आणि शेवटी १० दिवसांचा "चिल्लई बच्चा" असे त्यांच्या हिवाळ्याचे पंचांगच ठरलेले आहे. त्या काळात पडलेला बर्फ म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातले नदीचे पाणी. लोकांच्या स्मरणात कोरला जातो तो पंचांग मोडून आलेला बर्फ. आपण जसा "अवकाळी पाऊस" म्हणतो, तसा हा अवकाळी बर्फ.

अशा बर्फाची सर्वांत बोलकी नोंद १८७७-७८ च्या हिवाळ्याची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी रिचर्ड लायडेकर त्या सुमारास काश्मीरच्या डोंगरांत काम करीत होते. त्यांच्या वृत्तांतानुसार ऑक्टोबर १८७७ च्या आरंभी बर्फ पडू लागला आणि उंच डोंगरांत व दऱ्यांत तो मे १८७८ पर्यंत जवळजवळ अखंड पडत राहिला. काही ठिकाणी सलग दहा-दहा दिवस उसंत नव्हती. सुमारे १०,००० फूट उंचीवरच्या द्रास येथे स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून लायडेकर यांनी बर्फाच्या थराचा अंदाज ३० ते ४० फूट असा केला. आयबेक्ससारखे डोंगरात जन्मलेले प्राणीही त्या बर्फात मोठ्या संख्येने मेले.

त्याच वर्षी दख्खनमध्ये काय चालले होते? १८७६ मध्ये मुंबई व मद्रास इलाख्यांच्या अंतर्भागात पाऊस बुडाला होता. १८७७ मध्ये तो पुन्हा दगा देऊन गेला, आणि या वेळी उत्तर हिंदुस्थानातही. भारताच्या मोजलेल्या पर्जन्यमानाच्या इतिहासात १८७७ हे सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक गणले जाते. १८७६ ते १८७८ च्या या दुष्काळात केवळ ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असा सर्वसाधारण अंदाज आहे. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा हे जिल्हे होरपळत होते. मद्रास इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातही ती कमी करण्यात आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे एकामागून एक अर्ज पाठवले आणि या मजुरीत माणूस जगू शकत नाही हे आकडेवारीने मांडले. भारतीयांनी सरकारी धोरणाची आकडेवारीच्या आधारे केलेली ही फार महत्त्वाची चिकित्सा होय.

म्हणजे एकाच वर्षी उत्तरेच्या टोकाला बर्फाचा कहर आणि दक्षिणेच्या पठारावर पावसाचा अभाव. या दोहोंची सांगड घालण्याचा मोह एखाद्या जिज्ञासू माणसाला होणे स्वाभाविक होते. तो माणूस म्हणजे हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हेही मूळचे भूवैज्ञानिक. १८५५ मध्ये हिंदुस्थानात आलेले ब्लॅनफर्ड पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत होते. १८६४ चे कलकत्त्याचे भीषण चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील पावसाची तूट यांमुळे सरकारला देशव्यापी हवामान खात्याची गरज पटली आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

ब्लॅनफर्ड यांचा तर्क सुबोध होता. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकतो. उरलेली उष्णता तो वितळण्यातच खर्च होते. म्हणून ज्या वर्षी वसंत ऋतूत हिमालयावर बर्फ उशिरापर्यंत आणि भरपूर राहतो, त्या वर्षी डोंगर व भोवतालचा प्रदेश पुरेसा तापत नाही. वायव्येकडून वाहणारे कोरडे वारे मैदानात टिकून राहतात आणि समुद्रावरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यांची वाट अडते. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हा सिद्धांत मांडला. हिमालयातील जिल्हा अधिकारी व इतर निरीक्षक यांच्याकडून येणारे बर्फाचे वृत्तांत हाच त्याचा आधार. १८८२ ते १८८५ या वर्षांत त्यांनी प्रायोगिक अंदाज दिले. ते बऱ्यापैकी उतरल्यामुळे ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. आज एप्रिल महिन्यात आपण वर्तमानपत्रात ज्या अंदाजाची वाट पाहतो, त्याचा उगम असा हिमालयातल्या बर्फात आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याच काळातली दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच दुष्काळाचे स्पष्टीकरण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे थोर अर्थशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांत शोधत होते. सूर्यडागांचे चक्र, त्यानुसार हिंदुस्थानातली पिके, त्यानुसार इंग्लंडच्या मालाची मागणी आणि त्यानुसार लंडनमधली व्यापारी मंदी, अशी त्यांची साखळी होती. लॉकयर आणि हंटर यांनीही १८७७ मध्ये सूर्यडाग आणि दुष्काळ यांचा संबंध जोडला. आज जेव्हन्स यांची ती साखळी कोणी मानत नाही. ब्लॅनफर्ड यांच्या तर्काला मात्र भौतिक आधार होता आणि मुख्य म्हणजे दरवर्षी तपासता येईल असे निरीक्षण होते.

तपासणीत तो पूर्णपणे टिकला काय? नाही. १८७७-७८ च्या त्याच अजस्र बर्फानंतर १८७८ चा पाऊस देशाच्या बहुतांश भागात चांगला झाला. नियम साधा असता तर तसे व्हायला नको होते. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी बर्फाबरोबर इतर अनेक घटक जोडून अंदाज अधिकाधिक विस्तृत केला. १८९९ मध्ये त्यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्या वर्षी राजस्थान-गुजरातेत "छप्पनिया" म्हणून अजून आठवला जाणारा भयंकर दुष्काळ पडला. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. चुकलेली गोष्ट सुधारण्याआधी ती गोपनीय करण्याची प्रशासनाची सवय जुनी आहे.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांनी जगभरच्या केंद्रांतील आकडे मागवले आणि सहसंबंधाची गणिते कारकुनांच्या मोठ्या फौजेकडून करून घेतली. त्यांच्या आरंभीच्या सूत्रात हिमालयातील बर्फ होताच. त्याच्या जोडीला मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांझिबारचा पाऊस होता. या गणितांतूनच पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा तो झोका त्यांच्या हाती लागला, ज्याला त्यांनी १९२४ मध्ये "सदर्न ऑसिलेशन" असे नाव दिले. एल निन्यो या आज घरोघरी माहीत झालेल्या शब्दाचा हा जोडीदार.

त्या दृष्टीने १८७७ कडे पुन्हा पाहिले की चित्र बदलते. १८७७-७८ चा एल निन्यो हा ज्ञात इतिहासातील अत्यंत प्रबळ एल निन्योंपैकी एक होता. एल निन्योच्या वर्षी आपला मोसमी पाऊस कमी होण्याकडे कल असतो, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयावर बर्फ अधिक पडण्याकडे. म्हणजे द्रासचा बर्फ आणि दख्खनचा दुष्काळ ही कारण आणि परिणाम नव्हेत; बऱ्याच अंशी ती एकाच दूरच्या कारणाची दोन अपत्ये होत. सहसंबंध दिसला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे, हे आम्हाला एम.ए.च्या वर्गात सांगितले जाई. त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तरीही ब्लॅनफर्ड निकालात निघाले असे समजू नये. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी उपग्रहांच्या आधारे युरेशियातील हिमाच्छादन आणि भारतीय मोसमी पाऊस यांत व्यस्त संबंध असल्याचे दाखवले. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सोळा घटकांच्या प्रसिद्ध प्रतिमानातही हिमालयातील व युरेशियातील हिमाच्छादनाला स्थान होते. २००२ मध्ये देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी झाला आणि ते प्रतिमान ही तूट सांगू शकले नाही. २००३ मध्ये विभागाने नवी प्रतिमाने आणली. विज्ञान असेच पुढे जाते, पूर्वसूरींना खोडून आणि जमेस धरूनही.

आता बर्फाच्या यंत्रणेकडे वळू. हिमालयातील हिवाळी बर्फ मुख्यतः "पश्चिमी विक्षोभ" आणतात. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन समुद्र या पट्ट्यात जन्मलेले किंवा जोर धरलेले हे विक्षोभ उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात, वाटेत अरबी समुद्राचे बाष्पही घेतात आणि हिमालयाला भिडून वर चढताना ते बर्फाच्या रूपाने टाकतात. हिवाळ्यात दर महिन्याला असे अनेक येतात. त्यातला एखादा हंगामाआधी खोलवर दक्षिणेकडे उतरला, किंवा एकामागून एक विक्षोभ येऊन तिथेच रेंगाळला, की ज्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत तसा बर्फ पडतो.

जानेवारी १९९५ मध्ये असाच बर्फ जम्मू-श्रीनगर महामार्गावर जवाहर बोगद्याच्या परिसरात कोसळला. वाहने अडकली, वरून हिमस्खलने आली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी हजारो अडकलेल्यांना बाहेर काढले. फेब्रुवारी २००५ मध्ये सलग हिमवृष्टीनंतर दक्षिण काश्मीरमधील वलटेंगू नाड या वस्तीवर हिमस्खलन झाले. तेथे दीडशेहून अधिक माणसे गेली. रस्त्यावरचा प्रवासी आणि घरात झोपलेले कुटुंब, दोघांपैकी कोणीही सुरक्षित नव्हते. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा १९६९ पासून काम करीत होती. प्रश्न इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्याचा आणि पोहोचल्यावर त्या माणसांना जायला जागा असण्याचा होता.

माणसे मरतात तेव्हा निदान बातमी होते. अवकाळी बर्फाचा दुसरा प्रकार याहून शांत असतो. ३ नोव्हेंबर २०१८ आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ च्या सुमारास काश्मीरच्या खोऱ्यात हंगामाच्या बऱ्याच आधी जोरदार बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर पाने अजून होती, काही बागांत फळेही होती. निष्पर्ण झाडावरून बर्फ बराचसा गळून जातो. पानांवर तो साठतो. शिवाय नोव्हेंबरचा बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा, ओला. कोरड्या ताज्या बर्फाच्या मानाने तो दुप्पट-तिप्पट जड असतो. एका रात्रीत झाडे बुंध्यापासून उभी चिरली. तेथील पारंपरिक जातीचे झाड सात-आठ वर्षांनी फळ देऊ लागते आणि पूर्ण उत्पन्नास आणखी बराच काळ लागतो. ज्याने मुलाच्या जन्माच्या वेळी बाग लावली, त्याचा मुलगा कमावता होईपर्यंतचे उत्पन्न त्या रात्री मोडले. २०१९ चा बर्फ पडला तेव्हा जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

येथे प्रशासनाचा खरा प्रश्न सुरू होतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत द्यायची तर आपत्ती अधिसूचित यादीत असावी लागते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत अशा १२ आपत्ती आहेत. त्यात हिमस्खलन आहे, गारपीट आहे, थंडीची लाट व दहिवर आहे. हिमवृष्टी या नावाने नाही. बर्फ डोंगरावरून घसरून आला तर आपत्ती, आणि आकाशातून सरळ झाडावर पडला तर ती राज्याने स्थानिक आपत्ती म्हणून स्वतंत्रपणे घोषित करावी लागते. तिच्यासाठी निधीच्या १० टक्क्यांपर्यंतचीच मर्यादा आहे. मदतीचे प्रमाण पाहा: बहुवर्षायू पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. ही रक्कम एका हंगामाच्या खर्चाचा हातभार म्हणून ठरवली आहे. बागायतदाराचे गेले ते भांडवल. अर्थशास्त्राच्या भाषेत प्रवाह आणि साठा यांतला हा फरक आहे, आणि आपले निकष प्रवाहापुरतेच विचार करतात. कोकणातल्या आंबा-काजू बागायतदारांना २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हाच अनुभव आला. चक्रीवादळ यादीत होते, तरी पंचवीस वर्षांच्या कलमाची किंमत कोणत्याही तक्त्यात नव्हती.

निकष बदलता येतात, कारण ते माणसांनीच केलेले असतात. झाडाचे वय आणि त्याचे उरलेले उत्पादक आयुष्य विचारात घेणारे मूल्यांकन अशक्य नाही. भूसंपादनात आपण फळझाडांचे मूल्य तसेच काढतो. शासन जमीन घेते तेव्हा ज्या झाडाला किंमत असते, त्याच झाडाला बर्फाने मोडल्यावर किंमत नसावी, याचे समर्थन मला अवघड वाटते.

वाचकहो, याच संदर्भात काश्मीरचा १८७७ चा आणखी एक धडा सांगणे आवश्यक आहे. त्या शरदात खोऱ्यात बर्फाआधी व बर्फाबरोबर सतत पाऊस पडत होता आणि तयार भात शेतातच होते. पुढे तेथे जमाबंदी आयुक्त म्हणून आलेल्या वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, लोकांना वेळेवर कापणी करू दिली असती तर पुष्कळसे पीक वाचले असते. परंतु सारा धान्यरूपाने घेतला जाई आणि सरकारी आकारणी झाल्याशिवाय कापणीस परवानगी नव्हती. कारकून यायचे होते, पाऊस मात्र आला. भात कुजले. १८७९ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात खोऱ्यातली गावेच्या गावे ओस पडली.

हवामान खात्याचा इतिहास वाचताना आपले लक्ष साहजिकच अंदाज बरोबर आला की चुकला याकडे जाते. ब्लॅनफर्ड, एलियट, वॉकर, गोवारीकर या सर्वांचे यशापयश आपण त्याच मापाने मोजतो. पण काश्मीरच्या त्या शेतकऱ्याला अंदाजाची गरजच नव्हती. ढग त्याच्या डोक्यावर होते, विळा त्याच्या हाती होता. त्याला हवी होती ती कापणीची परवानगी, आणि ती देण्याचा अधिकार असलेला माणूस जागेवर नव्हता. अवकाळी बर्फ वा पाऊस कोणाला थांबवता येणार नाही. तो पडेल त्या दिवशी गावातल्या कोणत्या अधिकाऱ्याला वरून आदेशाची वाट न पाहता काय करता येईल, एवढे तरी आपण आधी लिहून ठेवू शकतो. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ते एक पान आहे की नाही, हे उघडून पाहण्याची विनंती मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना करीन.